दत्तक कोणी कोणास घेतले?



वैद्यकीय विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन शिकावे, ही मागणी आजची नव्हे. सामाजिक दृष्टीचा डॉक्टर घडला पाहिजे, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. १९७५ साली श्रीवास्तव समितीने शहरी इस्पितळाभोवती फिरणाऱ्या शिक्षणावर टीका केली. १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे सोपविण्याची योजना निघाली. १९६९ साली सेवाग्रामला स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी खेड्यात मुक्काम करून तेथील कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करते. २०२२ पासून तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे ‘दत्तक’ घ्यावयास लावली आहेत.

योजना स्वागतार्ह आहे. शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. दत्तक घेणारा पोसतो. येथे शेतमजूर स्त्री आपला रोज बुडवून दारात बसते, रक्त तपासू देते, घरातली दुखणी सांगते. रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या कोणीही लिहून देईल. ताटात डाळ का नाही, याचे उत्तर मात्र मजुरीच्या दरात आणि रेशनच्या दुकानात दडलेले असते, हे विद्यार्थी तिच्याच ओसरीवर शिकतो. ती त्याची बिनपगारी शिक्षिका असते.

मोबदल्यात तिला काय मिळते? विद्यार्थ्याची वही महाविद्यालयात जाते, तिला गुण मिळतात आणि ती कपाटात पडते. दरसाल लाखो रुपये शुल्क भरून बाहेर पडलेला डॉक्टर ते पैसे वसूल होतील अशाच ठिकाणी दुकान थाटणार. खेड्याने घडवायचे आणि शहराने वापरायचे, हा व्यवहार धान्य, दूध व श्रम यांच्या बाबतीत पूर्वीपासून चालू आहे; त्यात आता विद्येची भर पडू नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. पाहणीचे निष्कर्ष, कोणाचेही नाव उघड न करता, दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावेत. पाहणीत आढळलेल्या रुग्णांवर त्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात मोफत उपचार व्हावेत. आणि वैद्यकीय शिक्षणाचा खर्च सरकारने उचलून त्या बदल्यात ग्रामीण सेवा सक्तीने घ्यावी.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयाने कोणती गावे निवडली आहेत, ही चौकशी उद्याच करता येईल. कामाला सुरुवात तेथूनच व्हावी.