पटावरची नावे आणि पदवीचा दिवस



अमेरिकेतील स्पॅनिशभाषक कष्टकऱ्यांच्या मुलांनी कॉलेज कसे निवडावे, या विषयाशी कामगार चळवळीतल्या माणसाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. संबंध जवळचा आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डिलेनो येथे द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठवडाभरातच मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले आणि पाच वर्षांनी, १९७० साली, मळेवाल्यांना करारावर सह्या कराव्या लागल्या. त्या लढ्याची हकिगत वाचली तेव्हा आम्हाला पुढचा प्रश्न पडला: करार झाला, मजुरी वाढली; पण या मजुरांच्या मुलांचे पुढे काय? त्याचा शोध घेताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. संघटनेच्या कपाटातली पुस्तके हेच आमचे विद्यापीठ. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण ठेवू नये. हिशेब मात्र चोख मिळेल.

प्रथम ही माणसे कोण, ते पाहू. २०२० च्या अमेरिकन शिरगणतीत हिस्पॅनिक म्हणून नोंदलेल्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे शंभरात जवळजवळ एकोणीस. त्यांत मेक्सिकन आहेत, पोर्टो रिकोचे आहेत, क्यूबाचे आहेत, मध्य अमेरिकेतून आलेले आहेत. काहींची घराणी तर टेक्सास आणि न्यू मेक्सिको हे प्रांत अमेरिकेत सामील होण्यापूर्वीपासून तेथेच राहतात. ती सरहद्द ओलांडून आली नाहीत, सरहद्दच त्यांच्या अंगणावरून सरकली. अशा भिन्न लोकांना एक नाव दिले म्हणून त्यांची गरज एक होत नाही. परंतु एक गोष्ट पुष्कळांना समान आहे. घरात कॉलेजात जाणारे ते पहिलेच असतात. कोणता अर्ज केव्हा भरावा, हे सांगणारे वडीलधारे माणूस घरी नसते.

आता कायदा पाहू. १९८६ साली टेक्सासमधील सान अँटोनिओ येथे अठरा शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन आपला संघ काढला. आमची विद्यार्थिसंख्या मोठी आणि तिजोरी रिकामी, ही त्यांची तक्रार होती. त्या खटपटीतून १९९२ साली ‘हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’, म्हणजे हिस्पॅनिकांची सेवा करणारी संस्था, ही संज्ञा केंद्रीय शिक्षण कायद्यात आली आणि १९९८ साली त्यांच्यासाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण झाले. मुख्य अट एकच: पदवीपूर्व विद्यार्थ्यांत निदान २५ टक्के हिस्पॅनिक असावेत. गरजू विद्यार्थ्यांच्या प्रमाणासारख्या आणखी काही अटी पुऱ्या केल्यास अनुदानासाठी अर्ज करता येतो. आज अशा संस्था सहाशेच्या आसपास आहेत.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. अमेरिकेतील जुनी निग्रो कॉलेजे, ज्यांना आज कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक कॉलेजे म्हणतात, ती त्या समाजाला शिकवण्याच्या हेतूनेच स्थापन झाली. हिस्पॅनिक संस्थांपैकी बहुतेकींचे तसे नाही. भोवतालची वस्ती बदलली, पटावरची नावे बदलली, आणि एके वर्षी टक्केवारी पंचविसावर गेली. पाटी बदलली, पण आत शिकवण्याची रीत बदललीच असेल, असे त्यावरून ठरत नाही. जिना गार्सिया या अभ्यासिकेने हाच भेद मांडला आहे: विद्यार्थी भरती करून घेणे वेगळे आणि त्यांची सेवा करणे वेगळे. आम्हा कामगारांना हे समजायला पुस्तक लागत नाही. कारखान्याचा मालक हजेरीपट दाखवून म्हणतो, “पहा, किती लोकांना पोसतो!” आम्ही म्हणतो, “पगारपत्रक दाखवा.”

तेव्हा कॉलेजकडे कोणते पगारपत्रक मागावे?

पहिला प्रश्न: किती आत आले आणि किती पदवी घेऊन बाहेर पडले? १९९० च्या एका अमेरिकन कायद्याने कॉलेजांना हा आकडा जाहीर करणे भाग पडले. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला सहा वर्षांची मुदत धरून तो काढतात. हा आकडा एकूण विद्यार्थ्यांचा न पाहता हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचा वेगळा पाहावा. समजा, एका कॉलेजात शंभरातील साठ पदवीधर होतात, पण हिस्पॅनिकांतील चाळीसच. तर त्या वीसांच्या अंतराचा जाब विचारलाच पाहिजे. मात्र या आकड्यालाही मर्यादा आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारा विद्यार्थी या मूळ हिशेबात धरलाच जात नाही. म्हणून कामगाराच्या मुलाने आपल्यासारख्यांचे काय झाले, हे मुद्दाम विचारावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. छापील फी पाहून घाबरू नये आणि छापील फी पाहून भुलूही नये. मदत वजा जाता हातून प्रत्यक्ष किती जाते, तो आकडा खरा. गरिबांना केंद्र सरकारचे ‘पेल’ अनुदान मिळते, ते फेडावे लागत नाही. काही श्रीमंत खासगी विद्यापीठे गरीब घरच्या मुलाला इतकी मदत देतात की जवळचे सरकारी कॉलेज त्यापुढे महाग पडते. उलट, काही कॉलेजे मदतीच्या पत्रात अनुदान आणि कर्ज एकाच रांगेत लिहितात, आणि बाप बेरीज पाहून खूष होतो. बोनस कोणता आणि उचल कोणती, हे पत्रावर सही करण्यापूर्वी वेगळे करून घ्यावे.

तिसरा प्रश्न दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांचा. हिस्पॅनिक मुलांतील फार मोठा भाग तेथूनच आरंभ करतो, कारण ती घराजवळ आणि स्वस्त असतात. ‘एक्सेलेन्सिया इन एज्युकेशन’ या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही हेच दिसले की या संस्थांत जाणारी लॅटिनो मुले कॉलेज निवडताना नावलौकिकापेक्षा खर्च आणि अंतर पाहतात. यात कमीपणा काही नाही. पण त्या रस्त्यात दोन खड्डे आहेत. एक, प्रवेश चाचणीत कमी गुण पडले की पूर्वतयारीच्या वर्गांत बसवून ठेवतात. तेथे पैसा आणि वर्षे जातात, पदवीच्या खात्यावर काही जमा होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून ही प्रथा बरीच आवरली. दुसरा खड्डा म्हणजे मोठ्या विद्यापीठात बदली घेताना आधीचे विषय न धरणे. म्हणून विचारावे: येथून दरसाल किती जण पुढे जातात आणि त्यांचे किती विषय धरले जातात? कॅलिफोर्नियातच हेवर्ड येथील शॅबो कॉलेजात १९८१ साली ‘पुएन्ते’, म्हणजे पूल, नावाचा उपक्रम निघाला. लेखनाचे शिक्षण, सल्लागार आणि समाजातला एखादा अनुभवी मार्गदर्शक अशी त्याची तीन अंगे आहेत. पुढे तो राज्यातील अनेक कॉलेजांत पसरला. असा पूल आपल्या कॉलेजात आहे का, ते पाहावे.

चौथा प्रश्न पोटाचा आणि पायांचा. हुशार मूल शिक्षण सोडते ते पुष्कळदा बीजगणितामुळे नव्हे, बसभाड्यामुळे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली ‘असाप’ नावाची योजना काढली. फीची तूट भरून काढणे, पुस्तकांना मदत, बस व भुयारी रेल्वेचा पास आणि वारंवार भेटणारा सल्लागार, एवढे द्यायचे. त्या बदल्यात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि तुलना केली. तीन वर्षांत पदविका मिळवणारे एरवी शंभरात बावीस होते, ते या योजनेत चाळीस झाले. मुलांची बुद्धी तीच होती, अडथळे तेवढे दूर केले. ज्या शेतमजुरांचा आरंभी उल्लेख केला, त्यांच्यासारख्या फिरत्या मजुरांच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी हात देणारी ‘कँप’ नावाची केंद्रीय योजना १९७२ पासून आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथील सेंट एडवर्ड्स विद्यापीठाने ती आरंभापासूनच राबवली.

पाचवा प्रश्न भाषेचा आणि घराचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९६८ साली होस्टोस कम्युनिटी कॉलेज स्थापन झाले. पोर्टो रिकोच्या एका थोर शिक्षणतज्ज्ञाचे नाव त्याला दिले आहे. इंग्रजी पक्की होईपर्यंत काही विषय स्पॅनिशमधून शिकता यावेत, अशी सोय तेथे केली. शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर १९७५–७६ मध्ये ते बंद करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतील लोकांनी मिळून इमारतीचा ताबा घेतला आणि कॉलेज वाचवले. ज्या कॉलेजासाठी वस्ती रस्त्यावर येते, त्याने वस्तीचे काहीतरी भले केलेले असते. शिकवणाऱ्यांत आपल्यासारखे कितीजण आहेत, आणि आईबाप भेटीला आले तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी आहे का, हेही पाहावे.

सहावा प्रश्न कागदपत्रांचा, आणि तो सर्वांत कठीण. १९८२ साली अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की परवान्याशिवाय आलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही. पण तो निर्णय शाळेपुरताच. कॉलेजासाठी टेक्सासने २००१ साली अशा विद्यार्थ्यांना रहिवाशांच्या दराने फी लावली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही तसा कायदा केला. टेक्सासची ती सवलत जून २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या दाव्यानंतर न्यायालयात रद्द झाली. राज्याने बचावदेखील केला नाही. चोवीस वर्षांची वहिवाट एका दिवसात मोडली. अशा मुलाने कॉलेजइतकेच राज्यही निवडावे लागते.

येथे कोणी म्हणेल, एका समाजासाठी वेगळी कॉलेजे हवीतच कशाला? उत्तर असे की ती वेगळी नाहीतच. त्यांत सर्व वर्णांची मुले असतात, आणि अनुदानातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत सर्वच काम करतात. तरीही २०२५ साली टेनेसी राज्याने २५ टक्क्यांच्या अटीविरुद्ध दावा लावला. केंद्राच्या न्याय खात्याने त्या कायद्याचा बचाव करण्यास नकार दिला, आणि सप्टेंबरात शिक्षण खात्याने या अनुदानांचा मोठा भाग थांबवीत असल्याचे जाहीर केले. म्हणजे पाटीमागचा पैसा आता भरवशाचा राहिला नाही. म्हणूनच पाटीवर न विसंबता वर सांगितलेले सहा प्रश्न विचारणे आज अधिक अगत्याचे आहे. अनुदान आटले तरी कोणत्या सोयी कॉलेज स्वतःच्या खर्चाने चालवील, हे ज्याला सांगता येईल, त्यालाच सेवा करणारे म्हणावे.

बंधुभगिनींनो, प्रवेशाचा दिवस सगळेच साजरा करतात. पण घरातले पहिले मूल जेव्हा कॉलेज अर्धवट सोडून परत येते, तेव्हा कर्ज त्याच्या एकट्याच्या माथी राहते आणि धाकट्या भावंडांची हिंमत खचते. कॉलेजाच्या पटावरून मात्र एकच नाव कमी होते, आणि पुढच्या वर्षी ती जागा भरते. हा तोटा कोणी सोसायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. जे कॉलेज त्यातला आपला वाटा उचलते, ते निवडावे. आणि जे उचलत नाही, त्याला उचलायला लावण्यासाठी संघटित व्हावे. होस्टोसच्या लोकांनी ते करून दाखवले आहे.