कशेळीचा कातळहत्ती

सक्करदरा तलावाकाठी फिरणाऱ्या माझ्या नागपूरकरांनो,
यंदा सुट्ट्यांमध्ये कोकणात जाणार आहात?
मग वाळूसोबत कातळही बघा.

रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात कशेळी गाव आहे.
देवघळीचा सुंदर किनारा इथलाच.
कनकादित्याचं देऊळही इथंच.

आणि इथल्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर,
जांभ्या दगडात,
एक भलामोठा हत्ती कोरलेला आहे.
आपल्या शहर बसपेक्षाही लांब!

त्याच्या पोटात नीट बघा.
मासे दिसतील.
पक्षी दिसतील.
कितीतरी प्राणी दिसतील.

हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं हे काम.
मला तर किनाऱ्याइतकंच हे मोलाचं वाटतं.
2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली.

एकच विनंती.
शिल्पावर पाय ठेवू नका.
फोटोसाठी रेषांमध्ये खडू भरू नका.

सकाळी लवकर जा,
नाहीतर उन्हं उतरल्यावर.
तिरप्या उजेडात रेषा ठळक दिसतात.
भरदुपारी सडा तापतो, सावली नसते.
पावसाळ्यात गवत माजतं.

पुन्हा सांगते,
काठावरून बघा,
डोळे भरून बघा,
पण शिल्पावर पाय नको.

सोबत पाणी आणि टोपी ठेवा.