आधी जागा, मग जाळी

पनवेलला वडाळे तळ्याभोवती फेरी मारताना काही मंडळी पोटरी धरून थांबतात, कळ ओसरली की पुन्हा चालू लागतात. 'वय झालं' म्हणून हे सोडून देऊ नका. मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते.

तिथे स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "केवढ्याचा?" फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा साधा 7,260 रुपये, औषधाचा लेप असलेला 29,600. किंमत विचारावीच. पण बसवणार कसा, हे कोणी विचारत नाही, आणि मला तेच सांगायचंय.

हृदयातला नेहमीचा स्टेंट फुग्याने फुलवतात. मांडीपासून गुडघ्याकडे जाणारी वाहिनी मात्र आपण मांडी घातली, उकिडवे बसलो की वाकते, पिळते. तिथे नायटिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारांनी विणलेली जाळी कामाची. दाबली तरी मूळ आकारावर येते. 1986 मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला जाक प्युएल यांनी हृदयात पहिला स्टेंट बसवला, तोही विणलेला आणि आपोआप उघडणाराच होता; तार तेवढी पोलादाची.

आता लेंग्याची पोकळ विणीची नाडी डोळ्यांपुढे आणा. ताणली की लांब, बारीक. दोन्हीकडून सारली की आखूड, जाड. जाळीचंही तसंच. बारीक नळीत ती ताणून भरलेली असते. जांघेतून आत नेतात, वरची नळी हळूहळू मागे घेतात, जाळी उघडत जाते. घाईने ओढली तर लांबट बसते, वीण विरळ राहते, आधार कमी पडतो. फार रेटली तर एका जागी गोळा होते. आणि नेफाच आवळलेला असेल तर नाडी फुलणार कुठे? म्हणून आधी फुग्याने वाहिनी जाळीच्या मापाएवढी रुंद करायची. पुन्हा सांगतो, आधी जागा, मग जाळी. 'आपोआप उघडते' म्हणजे अडलेली वाट ती एकटी मोकळी करते, असं नव्हे.

तेव्हा डॉक्टरांना बिनधास्त विचारा: वाहिनी आधी किती रुंद करणार? विणलेली जाळी आपण नेहमी बसवता का? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. केवढ्याला, हे त्यानंतर.

वेळ संपत आली. निदान एवढं लक्षात ठेवा, जाळी बसवल्यावर दिलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. का, ते पुढच्या वेळी.