शोक आणि ख्रिस्ती आशा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत खारेपाटण येथील एका गृहस्थाने केलेले भाषण)



महोत्सव हा आनंदाचा प्रसंग होय. अशा प्रसंगी शोकाविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु धर्मग्रामाच्या दप्तरात जशी बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही असते, तशीच मृतांचीही असते. आणि तिच्यावाचून महोत्सवाचा हिशेब पुरा होत नाही. म्हणून फादरांनी हा विषय मजकडे सोपविला तेव्हा मला नाही म्हणवेना. मी विद्वान नव्हे. जे घरात भोगले तेच आपणांपुढे ठेवणार आहे.

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात माझा धाकटा भाऊ मुंबईत करोनाने वारला. त्या दिवसांत प्रवासास बंदी होती. खारेपाटणाहून आम्हांपैकी कोणासही जाता आले नाही. त्याचे मुख पाहणे घडले नाही, पेटीला खांदा देता आला नाही, मूठभर मातीही टाकता आली नाही. फोनवरून एवढेच कळले की, सर्व आटोपले. आमची आई त्या दिवशी रडली नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला, "तेच्या अंगार खयचे कपडे होते?" याचे उत्तर आम्हांपैकी कोणापाशीही नव्हते. पुढे कित्येक महिने ती तोच प्रश्न विचारीत राहिली.

तेव्हा मला कळून चुकले की, मृत्यूचे दुःख एक आणि निरोप न घेता आल्याचे दुःख दुसरे. हे दुसरे दुःख आपल्या किनाऱ्यास नवे नाही. आमच्या खारेपाटणची माणसे पूर्वी खाडीने विजयदुर्गास जात आणि तेथून आगबोटीने मुंबईस. समुद्राने पोटास दिले, तसे पोटचेही नेले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी वादळात सापडून एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्यांचे देह हाती आले नाहीत, त्यांच्या घरच्यांनी कोणत्या मातीवर फूल वाहावे? दाराशी कोणाचे पाऊल वाजले की चमकून पाहणाऱ्या किती माता त्या काळी असतील, ते एका देवासच ठाऊक.

अशा माणसाला धर्म काय देतो? पुष्कळदा आपण घाईघाईने म्हणतो, "देवाची इच्छा! आता रडू नका." हे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु ही ख्रिस्ताची रीत नव्हे. लाजरस उठणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या थडग्यापाशी रडला. संत पौलाने थेस्सलनीका येथील भाविकांस लिहिताना शोक करूच नका असे सांगितले नाही; ज्यांना आशा नाही त्यांच्याप्रमाणे शोक करू नका, एवढेच सांगितले. तेव्हा अश्रू हा अविश्वास नव्हे. आशा अश्रूंच्या जागी येत नाही, ती अश्रूंच्या शेजारी येऊन बसते.

आता मरिया मग्दालियेकडे पाहा. ईस्टरची ती पहाट आपण आनंदाची म्हणून गातो. पण तिच्यासाठी ती प्रथम दुहेरी दुःखाची पहाट होती. गुरू तर गेलाच, आणि आता त्याचे शरीरही सापडेना. शेवटची सेवा करण्याचे समाधानही हिरावले गेले. म्हणून ती बाहेर रडत उभी राहिली आणि माळी समजून ज्याला विचारू लागली, तो प्रत्यक्ष प्रभूच होता. डोळ्यांनी पाहूनही तिला ओळख पटली नाही. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा मात्र पटली. बंधुभगिनींनो, आईच्या दुःखानंतर मी हा वृत्तांत पुन्हा वाचला, तेव्हा प्रथमच ध्यानात आले की, पुनरुत्थानाची पहिली वार्ता अशा स्त्रीस मिळाली, जिला देह सापडत नव्हता.

दुसरे उदाहरण संत मोनिकाचे. आफ्रिकेत, आपल्या पतीच्या शेजारी आपणांस पुरावे, अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. परंतु ३८७ साली इटलीत, ओस्तिया बंदरात, परत जाण्याच्या वाटेवर असतानाच ती आजारी पडली. तेव्हा तिने आपल्या मुलांस सांगितले की, या देहाची चिंता करू नका, तो कोठेही ठेवा. मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण करा. तिचा मुलगा ऑगस्टीन केवढा विद्वान! त्याने अंत्यविधीच्या वेळी अश्रू आवरले. पण पुढे एकांतात तो आईसाठी रडला, आणि ते रडणे त्याने आपल्या ग्रंथात लपविले नाही. देह कोठे आहे, यापेक्षा स्मरण कोठे होते हे मोठे, असे त्या माउलीने आपणांस शिकविले.

पवित्र सभेने हेच स्मरण आपल्या वर्षक्रमात रुजविले आहे. २ नोव्हेंबर या दिवशी सर्व मृत भाविकांचे स्मरण करण्याची चाल, सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, क्लुनी मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांत घालून दिली. त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची सवलत १७४८ साली स्पेन व पोर्तुगाल यांच्या मुलखांतील धर्मगुरूंस मिळाली. १९१५ साली पहिले महायुद्ध पेटलेले असता, आणि लाखो तरुण रणांगणी पडत असता, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ती जगातील सर्व धर्मगुरूंस दिली. ज्यांची कबर कोणासच ठाऊक नाही, अशांसाठीही वेदीवर जागा झाली.

२०२१ च्या त्याच दिवशी मी आईस मिस्सेस नेले. देवळे नुकतीच उघडली होती. चिठ्ठीवर लिहून दिलेली मृतांची नावे फादर एकामागून एक वाचीत होते. भावाचे नाव आले. आईने माझा हात धरला, आणि इतक्या महिन्यांनी ती प्रथमच रडली. घरी परतताना म्हणाली, "कोणीतरी तेका नावान हाक मारली."

तिचे दुःख संपले असे मी म्हणत नाही. कपड्यांचा प्रश्न ती त्यानंतरही कधी कधी विचारी. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण राहिलेच होते. मग आपले व्रण मिटावेत असा हट्ट का धरावा? परंतु ज्याने मरियेस नावाने हाक मारली, तो आपल्या माणसासही नावाने ओळखतो, आणि शेवटच्या दिवशी समुद्रदेखील आपल्या पोटातील मृत परत करील असे योहानाने दर्शनात पाहिले, हा विश्वास तिला उभे राहण्यास पुरेसा झाला.

म्हणून या महोत्सवी वर्षात माझी दोन मागणी आहेत. एक, ज्यांचा देह घरच्यांस मिळाला नाही, मग तो समुद्रात गेलेला असो की परदेशी पुरलेला, त्यांची नावे प्रत्येक घराने आठवून लिहून द्यावीत. ती वेदीपाशी वाचली जावोत. दुसरी, शोकाच्या घरी जाल तेव्हा उपदेश घेऊन जाऊ नका. जवळ बसा, गेलेल्याचे नाव घ्या, आणि त्याच्याविषयी एखादी आठवण सांगा. रडणाऱ्यास रडू द्या. मग सर्वांनी मिळून जपमाळ म्हणा.

आपल्या सर्व मृतांस प्रभू सार्वकालिक विश्रांती देवो, आणि मागे राहिलेल्या आपणांस आशेने चालण्याचे बळ देवो. आमेन.