श्रोत्यांचा वाटा

सभागृहात बसलेला माणूस नुसता ऐकतो की कार्यक्रमाला हातभार लावतो, याचा निकाल बहुधा कार्यक्रमाच्या प्रकारावरच लागतो. टाळी कधी वाजवायची, मान कुठे डोलवायची, मध्येच बोललेले चालते की नाही, हे नियम कुठल्याही पत्रिकेवर छापलेले नसतात. तरीही ज्या त्या मंडपातल्या लोकांना ते पाठ असतात आणि नवखा माणूस तिथे लगेच ओळखू येतो. महाराष्ट्रात हे नियम घडले ते मुख्यतः देवळाच्या सभामंडपात, तमाशाच्या फडात आणि नाटकाच्या थिएटरात. राजकीय सभा आणि व्याख्याने त्यांत नंतर सामील झाली.

कीर्तनात श्रोत्याचे काम ठरलेले असते. बुवांनी गजर सुरू केला की मंडप तो उचलून धरतो. आवाज मंद पडला तर बुवा निरूपण थांबवून पुन्हा नामघोष करायला लावतात. तेवढ्यात त्यांच्या घशालाही विश्रांती मिळते. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपल्यावर बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. मग उत्तररंगातले आख्यान सुरू होते. वारकरी कीर्तनात मागे उभे राहणारे टाळकरी हे एका अर्थी श्रोतेच. ते अभंगाचे चरण झेलतात, ठेका धरतात आणि समोर बसलेल्यांना कुठे साथ द्यायची ते न सांगता दाखवून देतात. या मंडपातली टाळी मुळात कौतुकाची नाहीच, ती तालाची आहे. गाडगेबाबांनी हा सहभाग आणखी पुढे नेला. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरे लागते का, असे ते विचारत आणि समुदायाकडून उत्तर वदवून घेत. एकदा स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ म्हटलेल्या माणसाला घरी जाऊन उलटे वागणे जरा जड जाते, एवढा मनुष्यस्वभाव त्यांना पक्का ठाऊक होता.

आपल्या बऱ्याच लोककलांनी श्रोत्याचा एक प्रतिनिधी रंगमंचावरच उभा केला आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागे ‘जी जी’ करणारे झीलकरी असतात. तमाशात सोंगाड्या लोकांच्या मनातली शंका आधीच बोलून दाखवतो. कोकणातल्या दशावतारात पूर्वरंगात येणारा संकासुर तर थेट समोरच्या गावकऱ्यांशी बोलतो, त्यांची थट्टा करतो. ज्याची थट्टा झाली तो चार दिवस गावात मिरवतो. तमाशातल्या दौलतजादा या प्रथेत पसंतीला पैशाचे रूप येते. पैसे देणाऱ्याचे नाव रंगमंचावरून पुकारले जाते आणि काही क्षण कलावंताऐवजी तोच साऱ्यांच्या नजरेत भरतो. त्यात रसिकता किती आणि बडेजाव किती, हे वेगळे काढणे अवघड. संगीतबारीत हाच व्यवहार फर्माइशीचा असतो. काय गायले जाईल आणि किती वेळ, हे बैठकीला बसलेला ठरवतो.

श्रोत्याची सत्ता सर्वांत ठळक दिसली ती संगीत नाटकात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला. दोनशेच्या घरात पदे असलेले ते नाटक मुळातच लांब होते. पुढे प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ येऊ लागले आणि नाटकाची लांबी नाटककाराच्या हातून निसटली. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व यांच्या काळात एकेका पदाला दोन-तीन वन्स मोअर मिळणे नवलाचे नव्हते. रात्री चढलेला पडदा पहाटेच्या सुमारास पडे. नाट्यवस्तूचे यात नुकसान होई. रुसलेली नायिका त्याच ओळींत पुन्हा पुन्हा रुसे, दुसरे पात्र तोवर ताटकळत उभे राही, आणि प्रसंगाचा ताण विरून जाई. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. वन्स मोअरला गायलेले पद आधीच्या पदाची नक्कल नसे. भास्करबुवा बखल्यांनी ‘संगीत स्वयंवर’ला 1916 मध्ये दिलेल्या चालींत रागविस्ताराला भरपूर वाव होता आणि प्रत्येक फेरीला गायक नव्या जागा काढी. श्रोते आग्रह धरत, गायक त्याला उत्तर देई आणि पद वाढत जाई. ज्यांना गवयाच्या बैठकीत कधी प्रवेश मिळाला नसता, अशा असंख्य माणसांनी राग ऐकले ते तिकिटाच्या खुर्चीवर बसून आणि ते लांबवले तेही त्यांनीच. आज नाट्यगृहाचे सत्र ठरलेल्या वेळी रिकामे करून द्यावे लागते. वन्स मोअर क्वचित ऐकू येतो आणि तोही एखाद्याच पदाला.

मैफलीत दाद बारीक होते. समेवर माना हलतात, एखादी ‘क्या बात है’ उमटते आणि गाणाऱ्याची नजर जाणकाराला शोधून त्याच्यावर स्थिरावते. हजारो माणसांच्या मंडपात ही जवळीक टिकणे कठीण. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने ते बऱ्याच अंशी साधले. भारतीय बैठकीवर रात्र रात्र बसणारा वर्ग त्यातून तयार झाला. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आल्यावर रात्रभराची सत्रे आटोपती घ्यावी लागली. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याची सवय त्यासोबत गेली.

राजकीय सभेत दादीइतकाच निषेधही जुना आहे. 27 डिसेंबर 1907 रोजी सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात टिळक बोलायला उभे राहिले, त्यांना अडवले गेले आणि गोंधळात मंचाकडे एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. पाठोपाठ खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन मोडले. मुंबईत 20 नोव्हेंबर 1955 रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्रवाद्यांनी उधळली. वक्त्यांना बोलणे अशक्य झाले. सभा उधळणे हा वादाचा पराभव की लोकमताचा कौल, यावर तेव्हाही एकमत नव्हते. उलट बाजूला आचार्य अत्र्यांसारखा वक्ता लोकांच्या हशावर स्वार होई. हसू ओसरू लागले की नवा टोला, असा तो खेळ चाले. छापील भाषणांत कंसात ‘हशा’, ‘टाळ्या’ असे शब्द घालण्याची जी पद्धत होती, तिने श्रोत्यांचा हा भाग निदान नोंदवून ठेवला. भाषणाचा कोणता मुद्दा लोकांना भिडला, हे आज त्या कंसांवरूनच कळते.

व्याख्यानमालेने या सगळ्याला शिस्त लावली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचे अनुकरण पुढे गावोगावी झाले. इथे मध्ये बोलायचे नाही. वक्त्याचे झाले की अध्यक्षीय समारोप होतो आणि वेळ उरला तर प्रश्न येतात. अनेक ठिकाणी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा लागतो. त्यामुळे भित्र्यालाही विचारता येते आणि प्रश्नाच्या नावाखाली दुसरे भाषण ठोकणाऱ्यालाही आळा बसतो. तोटा असा की कोणती चिठ्ठी वाचायची ते संचालक ठरवतो आणि अडचणीची चिठ्ठी तळाशी राहते. उत्तर न पटलेल्याला प्रतिप्रश्न करता येत नाही. तो मग बाहेर चहाच्या टपरीवर होतो, आणि पुष्कळदा मुख्य व्याख्यानापेक्षा खमंग होतो. आभारप्रदर्शन सुरू होताच चपला शोधायला उठणारी मंडळी मात्र सर्व गावांत सारखी.