विज्ञानाला मुलांचा हात लागू द्या

(दोंडाईचा येथील शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गुणवंतांचा सत्कार, वह्या-पुस्तकांचे वाटप ही कार्ये आपल्या समाजात ठिकठिकाणी होतात. ती चालूच राहिली पाहिजेत. परंतु आज आम्ही आपल्यापुढे एक वेगळा प्रस्ताव घेऊन उभे आहोत. वर्गात मुलांकडून प्रत्यक्ष प्रयोग करून घेण्यासाठी आपण शिक्षकांना छोटी अनुदाने द्यावीत, असा तो प्रस्ताव आहे.

हा प्रश्न पैशाचा दिसतो. मुळात तो स्पर्शाचा आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यात बाबासाहेबांनी ओंजळ घातली आणि माणूस म्हणून आपला हक्क बजावला. पुढे राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. असे असता, प्रयोगाच्या कपाटाला कुलूप असेल आणि परीक्षानळी फुटेल या भीतीने ती लांबूनच दाखविली जात असेल, तर आपल्या लेकराच्या कानी पुन्हा तेच शब्द पडतात, "हात लावू नको." यात शिक्षकांचा दोष नाही. फुटलेल्या नळीचे पैसे कोणी द्यायचे, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न असतो. मात्र सधन घरचे मूल खाजगी वर्गात, घरच्या संचावर तो प्रयोग करून पाहते. मजुराच्या मुलाला शाळेत जे मिळाले नाही ते कोठेच मिळत नाही. दहावीनंतर विज्ञान शाखेचा अर्ज भरताना त्याचा हात अडखळतो तो यामुळेच.

शासनाने काही केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली खडू-फळा योजना आली. प्राथमिक शाळांना विज्ञानपेटी व गणितपेटी मिळाली. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकास शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या नावाची होती. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली आणि ते पैसे शाळेच्या एकत्रित अनुदानात विलीन झाले. ३० हून अधिक व १०० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला २५,००० रुपये, असा त्याचा निकष ठरला. त्यातच वीजबिल, पाणी, दुरुस्ती आणि स्वच्छता! प्रयोगाच्या वाट्याला काय उरेल, हे मुख्याध्यापकांनाच विचारावे. 'इन्स्पायर-मानक' योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास १०,००० रुपये मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु निवड होण्याइतकी कल्पना सुचण्यासाठी आधी वर्गात हात चाललेले असावे लागतात.

आपल्या खान्देशातच याचा एक धडा आहे. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत विज्ञान शिक्षणाचा मोठा प्रकल्प राबविला. पुढे १९८० च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत त्यांनी काम केले. मुले बुद्धीने मागे नाहीत. पुस्तकाची भाषा आणि अनुभवाचा अभाव त्यांना अडवितो, हे त्यातून दिसून आले. योग्य मार्गदर्शन मिळताच त्यांचे परीक्षेतील यशही उंचावले. ज्यांना अजूनही आपल्या मुलांच्या कुवतीविषयी शंका वाटते, त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसे आहे.

आपण म्हणाल, प्रयोगाला महागडी यंत्रे लागतात. मुळीच नाही. आपले गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तिखट लागल्यावर पाण्याने आग का शमत नाही आणि दुधाने का शमते? तिखटपणा देणारा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तो स्निग्धांशात विरघळतो. येथे मक्यापासून स्टार्च तयार करण्याचा कारखाना आहे. बटाट्याच्या फोडीवर, भाताच्या पेजेवर आयोडीनचा थेंब टाकला की स्टार्च निळा-काळा रंग धरून स्वतःची ओळख देतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. सायकलचा जुना डायनॅमो फिरवून त्याच तत्त्वावर वर्गात दिवा लागतो. भगवान बुद्धांनी आपल्या धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले. या आणि स्वतः पाहा! प्रयोगशाळेचे ब्रीदवाक्य याहून निराळे काय असणार?

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये पगार असावा आणि मुलांना शेती व आरोग्याचे ज्ञान मिळावे, अशी मागणी होती. म्हणजे शिक्षक सबळ झाल्याविना शिक्षण सबळ होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका शिक्षकाने योग्य वेळी योग्य वस्तू हाती ठेवली, तिचे मोल आज आपण सारे जाणतो.

आता प्रत्यक्ष योजना. पहिल्या वर्षी दहा शिक्षकांना प्रत्येकी २,००० रुपये द्यावेत. एकूण २०,००० रुपये, म्हणजे शंभर सभासदांनी वर्षाला दोनशे रुपये. जयंतीच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचा खर्च आठवावा आणि हिशेब मनाशी करावा. अर्ज एका पानाचा असावा: कोणता प्रयोग, कोणते साहित्य, किती मुले. जात, धर्म वा शाळेचे व्यवस्थापन पाहू नये. वस्तीतील मुले शिकतात ती प्रत्येक शाळा आपली मानावी. साहित्य शाळेच्या मालकीचे राहावे. पावत्या द्याव्यात, परंतु फुटलेल्या काचेबद्दल शिक्षकास जाब विचारू नये. एकच अट कडक असावी: प्रयोग मुलांनी करावा, आणि मुलींचा हात मागे राहू नये. वर्षअखेरीस १४ एप्रिलला आपल्या विहारात मुलांनी तेच प्रयोग आई-वडिलांना करून दाखवावेत.

शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्याला पुढे नेते. शिक्षकाला दिलेले साहित्य यंदाच्या वर्गाला आणि त्यानंतर येणाऱ्या वर्गांनाही उपयोगी पडते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. प्रयोग चुकला तर घाबरू नका. का चुकला ते वहीत लिहा आणि पुन्हा करा. उपस्थित शिक्षकांनी आपले अर्ज आणि सभासदांनी आपले दोनशे रुपये आजच नोंदवावेत, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!