चाळीस मिनिटांचे नाटक

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



नोकरी करणाऱ्या बाईला दोन दिवसांच्या शिबिराला बोलावले तर ती येऊ शकत नाही. कामावरची पाळी संपली की घरची सुरू होते. म्हणून मी परिचारिका, कामगार, कारकून बायकांकडे त्यांच्या कामाच्या जागीच जाते आणि चाळीस मिनिटांत बसणारे उत्स्फूर्त नाटकाचे खेळ घेते. त्याला संहिता लागत नाही, पाठांतर नाही, रंगमंचही नाही.

हे नाटकवाल्यांचे काम, आपले नव्हे, असे समजू नका. अमेरिकेत हे खेळ ज्यांनी बांधले त्या व्हायोला स्पोलिन १९२० च्या दशकात शिकागोमध्ये नीव्हा बॉइड या समाजकार्यकर्तीच्या हाताखाली शिकल्या होत्या. पुढे ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी प्रेक्षकालाच उठून प्रसंग बदलायला लावले. मी या दोन्हींतले थोडे थोडे घेते.

पहिली दहा मिनिटे गोलात उभे राहायचे. एकीने फक्त ‘हो’ म्हणायचे, समोरचीने फक्त ‘नाही’. ‘नाही’ म्हणताना अनेकजणी हसतात, मान खाली घालतात. हे हसू आपल्याला कोणी शिकवले, एवढे विचारले तरी बोलणे सुरू होते.

पुढची वीस मिनिटे एकच प्रसंग. सगळे घरी गेलेत, साहेब फाईलच्या निमित्ताने एकीला थांबवून घेतात आणि खुर्ची जवळ ओढतात. एकदा प्रसंग शेवटपर्यंत करायचा. दुसऱ्यांदा करताना जिला वेगळे सुचेल तिने ‘थांबा’ म्हणून त्या बाईची जागा घ्यायची. कोणी फाईल टेबलावर ठेवून निघून जाते, कोणी मोठ्याने सुनावते. मग साहेब झालेली मैत्रीण विचारते, “तुमच्या रजेवर सही कोण करतं?” आणि खोली गप्प होते.

या गप्पपणाची घाई करू नका. बाईत धीर कमी आहे म्हणून ती गप्प नसते, सहीची सत्ता समोरच्याच्या हातात असते. तेव्हा मी एवढेच विचारते, “बाकीच्या कुठे आहेत?” मग कोणीतरी दारात येऊन म्हणते, “चल गं, बस चुकेल.” एकटीचा प्रसंग तिथे सगळ्यांचा होतो.

शेवटची दहा मिनिटे कायद्याची. १९९७ चा विशाखा निकाल आणि त्यानंतरचा २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे. प्रसंग नुकताच डोळ्यांपुढे घडल्यामुळे ही कलमे लक्षात राहतात. नंतर आपल्या समितीतल्या बायकांची नावे विचारा. ती माहीत नसतील तर सगळ्यांनी मिळून विचारायला जायचे, हा त्या दिवसाचा गृहपाठ.

काही पथ्ये सांभाळा. साहेब आणि देखरेख करणारे खोलीत नकोत. प्रसंग कल्पित असावा, कोणाला स्वतःची हकिगत सांगायला लावू नये. जिला नुसते बघायचे आहे तिला बघू द्यावे. कोणी आपणहून बोललीच, तर कार्यक्रमानंतर तिच्याजवळ बसायला एक कार्यकर्ती मोकळी हवी.

शेवटचे. व्यवस्थापनाला हा ताण घालवण्याचा, करमणुकीचा कार्यक्रम वाटतो आणि ते जेवणाची सुट्टी देऊ करतात. ती घेऊ नका. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे या कायद्याच्या १९ व्या कलमाने मालकावर बंधनकारक केले आहे. तेव्हा चाळीस मिनिटे मागायची ती कामाच्या वेळेतली, भरपगारी. बायकांनी डबा शांतपणे खावा, आणि नाटक मालकाच्या वेळेत व्हावे.